स्विफ्ट डिझेलचं ॲव्हरेज: थर्मोस्टॅट आणि डाव्या चाकाचा निकाल लागला

मंडळी, आकडा हलला. 2013 ची स्विफ्ट झेडडीआय, सेकंडहँड घेतल्यापासून ठाण्यात लिटरला 13 किलोमीटरच्या आसपास घुटमळत होती. त्याच रस्त्यांवर, त्याच वेळांना, एसी लावून आता 17 च्या वर देते आहे. इंजेक्टरला (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) पाना लागलेला नाही. हे मुद्दाम आधी सांगतोय, कारण गाडी जिथे जिथे दाखवली तिथे पहिला सल्ला एकच मिळाला: "चारही इंजेक्टर खोला, बेंचवर लावा." कॉमन रेल डिझेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं ते इंजिन) म्हटलं की इंजेक्टरकडे बोट जातंच. पण खर्चाचं काम सगळ्यात आधी का करायचं?

गाडीत फियाटचं 1248 सीसीचं मल्टिजेट डिझेल इंजिन आहे. मारुतीने 2020 च्या एप्रिलपासून डिझेल गाड्या बंद केल्या, तरी हे इंजिन इतक्या गाड्यांमध्ये बसलं की सुट्या भागांची चिंता नाही. कंपनीचा आकडा 22.9 चा. तो प्रयोगशाळेत, रोलरवर, एसी बंद ठेवून काढलेला असतो. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या बॅरिकेडमधून सरकताना तो मिळावा अशी माझी अपेक्षा कधीच नव्हती. एसी लावून उभी गाडी तासाला अर्धा-पाऊण लिटर पिते, आणि त्या वेळात किलोमीटर शून्य. तरीही 13 फारच कमी.

मोजमाप सगळं टँक टू टँक, म्हणजे टाकी भरल्यापासून पुन्हा भरेपर्यंतचे किलोमीटर भागिले भरलेलं डिझेल. एकच पंप, शक्यतो तेच नोझल, पहिल्या ऑटो कटला थांबायचं, राउंड फिगरसाठी वर ओतू द्यायचं नाही. टाकी 42 लिटरची आहे. कमीत कमी पाऊण टाकी संपल्याशिवाय हिशोब करत नाही, कारण पाच-दहा लिटरच्या हिशोबात नोझलच्या फरकानेच आकडा इकडचा तिकडे होतो.

खरा धागा पाम बीच रोडवर सापडला. माझं रोजचं जाणं कासारवडवली ते रबाळे: माजिवडा, कळवा नाका, विटाव्याचा रेल्वेपूल, दिघा. यात निम्मा वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच जातो, त्यामुळे ट्रॅफिकला दोष देऊन मोकळं होणं सोपं. म्हणून एका रविवारी उजाडताना वाशीहून बेलापूरपर्यंत आणि परत, मीटरवरचं ॲव्हरेज शून्य करून, एकसारख्या वेगाने गाडी चालवली. मीटरचा आकडा मी तुलनेपुरताच धरतो. पण तिथेही तो जेमतेम 16 वर रेंगाळला. दोष नुसत्या ट्रॅफिकचा असता तर मोकळ्या सपाट रस्त्यावर गाडीने उसळी मारायला हवी होती. ती मारली नाही, म्हणजे काहीतरी सतत खातंय.

सतत खाणाऱ्या गोष्टी तशा थोड्याच. काहीतरी चाकाला धरून ठेवतंय, नाहीतर इंजिन गरज नसताना जास्त डिझेल घेतंय. माझ्या गाडीत दोन्ही निघालं.

चाकाचं आधी. बेलापूरला पोचल्यावर ब्रेक जवळपास न वापरता गाडी हळूहळू थांबू दिली आणि इन्फ्रारेड थर्मामीटर चारही चाकांवर धरला. पुढच्या उजव्या डिस्कला 55 अंश, डाव्या डिस्कला 120. डाव्या रिमजवळ हात नेला तरी धग लागत होती आणि तापलेल्या पॅडचा करपट वासही येत होता. नंतर जॅकवर उचलून हाताने फिरवलं, तर उजवं चाक दोन-तीन फेरे सहज घेत होतं, डावं अर्ध्या फेरीत थांबत होतं. खोलल्यावर दिसलं की कॅलिपरची (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) खालची पिन गंजून बसली होती. तिचा रबरी बूट फाटलेला, त्यातून पावसाचं पाणी आत. पिन साफ केली, नवे बूट घातले, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस इथे घालू नका, रबर फुगतं आणि पिन पुन्हा जाम होते. आतला पॅड पुरता झिजला होता आणि बाहेरचा बराच शिल्लक, म्हणून दोन्ही बाजूंचे पॅड बदलले. एवढ्यावर पुढच्या टाकीला आकडा 14 च्या पुढे सरकला.

आता थर्मोस्टॅट (इंजिनातल्या कूलंटचं तापमान राखणारा व्हॉल्व्ह), आणि या नोंदीतला सगळ्यात कामाचा भाग हाच.

समोर एकही दिवा पेटलेला नव्हता, स्कॅनरमध्ये कोड नव्हता. पण ब्लूटूथचा ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे मोबाइलवर दाखवणारा नग) लावून कूलंटचं तापमान बघत रबाळेपर्यंत गेलो, तर चित्र विचित्र होतं. कळवा नाक्याच्या रांगेत उभा असताना तापमान चढत 76 पर्यंत गेलं. ठाणे-बेलापूर रोडवर गाडी जरा पळायला लागली की ते उतरून 62 वर आलं. निरोगी इंजिनात असं होत नाही. या इंजिनाचा थर्मोस्टॅट साधारण 88 अंशांना उघडायला लागतो. तोपर्यंत तो रेडिएटरकडे जाणारी वाट बंद ठेवतो, म्हणून गाडी पळो की उभी राहो, तापमान त्याच पट्ट्यात टिकलं पाहिजे. वारा लागला की तापमान पडतंय, याचा अर्थ रेडिएटरची वाट कायम उघडी.

वागळे इस्टेटमधल्या गॅरेजमध्ये थर्मोस्टॅटचं हाऊसिंग (बाहेरचं कवच) उतरवलं. आत व्हॉल्व्ह नव्हताच! स्प्रिंग आणि तबकडी कोणीतरी पूर्वी तोडून काढलेली, नुसतं कवच परत बसवलेलं. काम करणारे काका बघून म्हणाले, "अहो, हे आपल्याकडे पूर्वापार चालत आलंय. गाडी एकदा तापली की थर्मोस्टॅट काढायचा. बर्फ थोडाच पडतो ठाण्यात?" मी त्यांना डोंगलवरचे आकडे दाखवले. त्यांनी ते नीट पाहिले आणि म्हणाले, "मग नवीन टाकू या."

ठाण्यात बर्फ पडत नाही हे खरं, पण इंजिनाच्या कॉम्प्युटरला बाहेरच्या हवेपेक्षा कूलंटचा आकडा महत्त्वाचा. तो 62 वाचतो आणि इंजिन अजून तापतंय असं समजतो, म्हणून डिझेलचा हिशोब थंड इंजिनाप्रमाणे ठेवतो. त्यात ऑइल पूर्ण पातळ होत नाही, सिलिंडरच्या भिंती गार राहतात, घर्षण वाढतं. रोजचं रनिंग असं अर्धवट गरम इंजिनावर झालं की झीजही वाढते, आणि मला ॲव्हरेजपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं. चांगलं इंजिन वर्षानुवर्षं असं चालवलं गेलं.

नवीन हाऊसिंग पूर्ण बसवलं, सोबत कूलंट बदललं. आधीचा मालक नळाचं पाणी घालत असावा, निघालेलं पाणी तांबूस होतं. कूलंट भरताना हवा नीट काढा, नाहीतर हवेचा फुगा अडकून तापमान उड्या मारतं आणि लोक पुन्हा थर्मोस्टॅटलाच दोष देतात. आता ऐरोलीच्या आतच तापमान 85 च्या वर जातं आणि तिथेच राहतं. पुढच्या टाक्यांमध्ये आकडा 16 ओलांडून 17 वर गेला.

बाकी तपासण्या थोडक्यात. एअर फिल्टर बरा होता. इंजिन बंद, चावी ऑन ठेवून मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) 100 किलोपास्कल दाखवतो, ठाणं समुद्रसपाटीजवळ असल्याने हे बरोबर. इंटरकूलरचे (टर्बोकडून येणारी हवा गार करणारा भाग) पाइप हाताने चाचपले, फट नाही. इंजेक्टरची रिटर्न चाचणी (प्रत्येक इंजेक्टरमधून किती डिझेल परत येतं ते बघणं) चार सारख्या बाटल्या लावून केली, चारही जवळपास समान भरल्या. म्हणजे ते चार नग सध्या शाबूत. ही चाचणी रिटर्नच्या बारीक नळ्यांवरच करायची असते. चालू इंजिनावर रेलकडून येणाऱ्या जाड पाइपाचा नट सैल करू नका, तिथला दाब शेकडो बार असतो आणि डिझेलची बारीक धार कातडीत घुसते.

टायरचा एक हिशोब मात्र तुम्हीही तपासा. मूळ माप 185/65 आर 15, माझ्या गाडीला आधीच्या मालकाने 195/65 आर 15 घातलेत. त्यांचा घेर साधारण 2 टक्के जास्त, त्यामुळे खरे 100 किलोमीटर गेले की मीटर 98 दाखवतो. म्हणजे खरं ॲव्हरेज माझ्या आकड्यापेक्षा किंचित बरंच आहे, पण वर दिलेले सगळे आकडे ही दुरुस्ती न करता, मीटरवरच्या किलोमीटरवरूनच काढलेले आहेत.

पुढचं काम ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा) काढून काजळी साफ करणं. पिकअप घेताना हलका काळा धूर अजून दिसतो. त्यानंतर गायमुखच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये क्लच सुटतो का ते बघायचंय: आरपीएम चढतो आणि वेग मागे राहतो, असं दिसलं तर क्लच प्लेटचं बजेट काढावं लागेल. टायर झिजले की मूळ मापाचेच घालणार. कोणाच्या मल्टिजेटवर ईजीआर साफ केल्यानंतर टाकीच्या हिशोबात फरक पडला असेल, तर आधीचा आणि नंतरचा आकडा, रस्ता आणि एसीची सवय यांसकट कळवा.