पेटीत किती मावतं

एप्रिलात आठवडाभर गुहागरला घरी होते. पडवीत हापूस भरायचं काम चालू होतं. बाबा पेंढा अंथरून फळं लावत होते, मी पुठ्ठ्याच्या पट्ट्या देत होते. मध्येच त्यांनी माझ्या प्रयोगशाळेतल्या कामाबद्दल विचारलं, "काय गो बाय, उंदराला विषाणू टोचतेस म्हणजे त्याला आजारी पाडतेस?"

नाही. आमचा विषाणू एएव्ही. १९६५ साली ॲडिनोव्हायरसच्या साठ्यात सापडला, म्हणून नाव ॲडिनो-असोसिएटेड. माणसाला त्याने आजार झाल्याचं माहीत नाही. त्याची स्वतःची जनुकं काढून टाकायची आणि आपल्याला हवं ते जनुक भरायचं. मग तो उंदराच्या मेंदूतल्या पेशींपर्यंत ते पोचवतो, पेशी त्याचं प्रथिन नेहमीपेक्षा जास्त बनवू लागते आणि त्याने काय बदलतं ते आम्ही बघतो. जनुक उंदराचंच, फक्त जास्त.

"म्हणजे पेटीच की," बाबा म्हणाले.

पेटीच. पंचवीस नॅनोमीटरची. त्यात मावतात डीएनएची साधारण ४,७०० अक्षरं, आणि माझं सगळं दुखणं तिथेच होतं. माझं जनुक ३,३०० अक्षरांचं. त्याच्यापुढे सीएजी हा दणकट प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा, लावला, तो एकटाच १,७०० च्या आसपास. जनुकाचा शेवट दाखवणारा पॉली-ए आणि विषाणूच्या डीएनएची दोन्ही टोकं, म्हणजे आयटीआर, धरून हिशेब साडेपाच हजारांच्या घरात गेला. पाच डझनाच्या पेटीत सहा डझन कोंबले तर वरची फळं दबतात. इथे पेटी भरली जाते, पण जनुक एका टोकाकडून तुटकं जातं. बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून सिनॅप्सिन या चेतापेशींतल्या जनुकाचा आखूड प्रमोटर घेतला, ४७० अक्षरांचा, आणि सगळं ४,२६० मध्ये बसलं. जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन जोडायचा मोह होता, पण त्याची ७२० अक्षरं चढवली की पुन्हा मर्यादेबाहेर. शेवटी २७ अक्षरांचा एचए टॅग, म्हणजे प्रथिनावरची छोटी खूण, लावला. त्याचा फायदा मोठा: उंदराचं स्वतःचं प्रथिन कोणतं आणि आम्ही पाठवलेलं कोणतं, हे त्या टॅगवरूनच ओळखता येतं.

तरी विषाणूचे पहिले दोन साठे वाया गेले. टायटर, म्हणजे साठ्यातलं विषाणूंचं प्रमाण, फारच कमी. दोन महिने मी विषाणू बनवणाऱ्या पेशींना दोष देत बसले. दोष प्लास्मिडमध्ये होता, म्हणजे जीवाणूंमध्ये वाढवलेल्या, आमचं जनुक असलेल्या डीएनएच्या कड्यात. आयटीआर हा स्वतःवरच घडी पडणारा डीएनए, जीवाणू वाढवताना त्याचा तुकडा गाळून टाकतात. एसएमए-१ हे डीएनए कापणारं एन्झाइम आयटीआरमध्ये कापतं. तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर बघितलं तर अपेक्षित पट्टे नव्हतेच, एका टोकाचा काप गायब होता. तेव्हापासून जीवाणू ३० अंशांवर वाढवते आणि प्रत्येक नव्या साठ्याआधी हा काप करून बघते. नव्या मुलांनाही हेच करायला लावते. त्यांना कंटाळा येतो, तरी लावते.

दुसरी गोष्ट कंट्रोलची, म्हणजे तुलनेसाठीच्या उंदरांची. त्याच दिवशी, तितक्याच डोसचा, नुसत्या जीएफपीचा विषाणू दुसऱ्या उंदरांना द्यायलाच हवा. नाहीतर फरक जनुकाचा की टोचण्याचा, कसं सांगणार? डोसही वाढवत जायचा नाही. भारंभार प्रथिनाने पेशीच हैराण होते. बाबांना हे लगेच पटलं. नत्र जास्त पडलं तर कलम नुसतं पालवतं, मोहोर धरत नाही, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलंय.

टोचल्यावर दोन-तीन आठवडे थांबावं लागतं. माझे या खेपेचे उंदीर सोमवारी तयार होणार होते, म्हणून रविवारची गाडी धरायची होती.

बाबांनी शेवटची पेटी तारेने बांधली आणि विचारलं, "रिकाम्या पेट्या निघतात का गो तुमच्यात?"

निघतात. आणि पुष्कळ निघतात, आत काहीच नसलेल्या. आयोडिक्सॅनॉल या दाट द्रवाच्या थरांवर घालून प्रचंड वेगाने फिरवलं की भरलेल्या खाली उतरतात आणि रिकाम्या बऱ्याचशा वर राहतात.

"वजनावर," ते म्हणाले, आणि बांधलेली पेटी हातात तोलून ओळीत ठेवली.