चार बुचे

लष्कराच्या पाइप बँडमधून निवृत्त झाल्यावर मी मुलीकडे ग्लासगोला आलो आणि आता घरीच दोन-चार जणांना हायलँड बॅगपाइप शिकवतो. स्कॉटलंडच्या माणसाने स्कॉटलंडचेच वाद्य बेळगावात तयार झालेल्या माणसाकडून शिकावे, याची गंमत माझ्यापेक्षा माझ्या विद्यार्थ्यांनाच अधिक वाटते.

ही हकिकत त्यांतल्या एका पन्नाशीतल्या बसचालकाची आहे. सरावाच्या चँटरवर, म्हणजे बोटांनी स्वर काढायच्या सुट्या नळीवर, त्याने वर्षभर मेहनत घेतली होती. बॅगपाइपचा नाद मध्येच थांबवता येत नाही. त्यामुळे एकच स्वर लागोपाठ दोनदा वाजवायचा, तर मध्ये निमिषभराचा कणस्वर घालूनच तो तोडावा लागतो. अवघ्या ९ स्वरांच्या या वाद्याची सारी कारागिरी या कणांत असते, आणि त्याची बोटे त्यात तरबेज झाली होती. मात्र पूर्ण वाद्य खांद्यावर घेतले, की मिनिटभरात त्याचा चेहरा लालबुंद होई, तिन्ही ड्रोन, म्हणजे अखंड एकच स्वर धरणाऱ्या नळ्या, डगमगू लागत आणि चँटर घुसमटून बंद पडे.

मी निदान करून मोकळा झालो: दम कमी पडतो आणि हाताचा दाब वेळेवर येत नाही. श्वास घेताना दंडाने पिशवी दाबायची आणि फुंकताना दाब सैल करायचा, म्हणजे रीडवरचा, अर्थात स्वर उमटवणाऱ्या पातीवरचा, दाब कायम राहतो, हे मी त्याला ५ आठवडे ऐकवले. वर आमच्या इमारतीचे ३ मजले शिकवणीआधी दोनदा चढायलाही लावले.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी तो पाणी प्यायला उठला, तेव्हा ड्रोन जुळवावेत म्हणून मी त्याचे वाद्य उचलले. दुसऱ्याच्या फुंकणीला तोंड लावायचे नाही ही माझी जुनी सवय त्या दिवशी प्रथमच मोडली, आणि अर्ध्या मिनिटात मलाच धाप लागली.

मग बाकी सारे बाजूला ठेवून मी ड्रोन व चँटर उपसून काढले, ते ज्यांत बसतात त्या पिशवीला बांधलेल्या ४ खोबण्यांना, म्हणजे स्टॉकना, बुचे मारली आणि पिशवी टणक होईपर्यंत फुगवली. दहा आकडे मोजेपर्यंत ती लिबलिबीत झाली. फुंकणीच्या टोकावर जीभ टेकवून पाहिली, तर हवा उलट येत नव्हती. म्हणजे झडप शाबूत होती. साबणाचे पाणी लावत गेलो, तेव्हा शिवण कोरडीठाक निघाली, पण मोठ्या ड्रोनचा स्टॉक जिथे कातड्यात बांधलेला असतो, तिथे आंबलेल्या पिठासारखे बुडबुडे उठले. वाद्याची पेटी कुठे ठेवतोस, असे विचारल्यावर तो म्हणाला, "रेडिएटरशेजारी. थंडी लागू नये म्हणून."

बांधणीची दोरी सैल झाली होती, आणि ड्रोनच्या सांध्यांवरचा मेण चोळलेला दोराही सुकून आकसला होता. नवी दोरी दाराच्या मुठीला अडकवून, मागे रेलून, स्टॉक फिरवत तिचा एकेक वेढा आम्ही दोघांनी मिळून आवळला. त्यात तासभर गेला. सांध्यांवर नवा दोरा त्यानेच गुंडाळला, पहिल्यांदा इतका जाड, की ड्रोन आत जाईना.

पुन्हा बुचे मारून पाहिली. आता भरल्या पिशवीत आणखी एक फुंकरही मावत नव्हती. त्यानंतर त्याने संचलनाची एक धून सलग दोनदा वाजवली, ड्रोन जरासे उतरले तरी न थांबता, आणि वाद्य खाली ठेवून शांतपणे विचारले, "मग मला ते जिने कशासाठी चढायला लावलेत?"

मी चहा ठेवायला आत गेलो.