आमची वाटचाल: तेफळं विकायला घेण्याआधी आम्ही काय काय बघितलं

आम्हाला बरेच जण विचारतात की तेफळं (माशाच्या आमटीत घालायचा सुका मसाला) आणि आगळ (कोकमाचा खारट-आंबट रस) ऑनलाइन विकायची आयडिया आली कुठून. आयडिया वगैरे काही नव्हती हो, पोटाचा प्रश्न होता. आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले, नवऱ्याचा एक टिपर, म्हणजे खनिज वाहायचा ट्रक, होता मायनिंगला. २०१८ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या आणि मार्चपासून खाणी बंद. २०१२ ला एकदा बंद पडल्याच होत्या पण तेव्हा सगळे म्हणत होते होतील परत सुरू, आणि झाल्याही, या वेळी मात्र तसं म्हणायलाही कोणी पुढे येईना. ट्रक दारात आणि हप्ते चालू. मी एका ऑफिसात अकाउंट्स बघायचे, त्यामुळे आकड्यांची सवय होती, भांडवल म्हणाल तर तेवढंच.

गोव्यातून ऑनलाइन काहीतरी विकायचं म्हटलं की जो तो तीनच वस्तू सांगतो. काजू, फेणी, बेबिंका (थरांचा गोड केक). फेणीचा विषय पहिल्याच दिवशी संपला, दारू अशी पोस्टाने किंवा कुरिअरने परराज्यात पाठवता येत नाही, मग तिला २००९ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, असू दे नाहीतर आणखी काही. काजूत आधीच एवढे मोठे लोक बसलेत की आमच्यासारख्याने दरात मार खायचा आणि वर पॅकिंगवर खर्च करायचा. बेबिंका मला करता येत नाही आणि ज्यांना चांगली येते त्यांच्याकडे आधीच रांग असते.

मग मी सगळे सांगतात तसं कीवर्ड, म्हणजे लोक गूगलवर काय शब्द टाकून शोधतात ते, बघायला बसले. गूगल ट्रेंड्सवर तेफळ टाकलं तर पुरेसा डेटाच नाही म्हणे. गूगलच्याच कीवर्ड प्लॅनरमध्ये जाहिरातीवर पैसे खर्च केले नाहीत तर नेमका आकडा मिळत नाही, दहा ते शंभर, शंभर ते हजार असा ढोबळ पट्टा दाखवतात, त्यावरून धंदा ठरवायचा म्हणजे कठीणच. बरं जिथे मोठे आकडे दिसत होते तिथे विकणारेही भरमसाट. नवरा म्हणाला शोधतच नाहीत लोक तर घेणार कोण, आणि मलाही दोनचार दिवस तसंच वाटत होतं.

पण माझी नणंद कांदिवलीला असते, तिला आम्ही नेहमी पणजीहून रात्रीच्या बसने पार्सल टाकतो. त्या पार्सलच्या काउंटरवर उभी असताना एकदा नीट बघितलं. पोती, खोके, पाच लिटरचे कॅन, वर मार्करने मोबाईल नंबर लिहिलेले. आता हे पार्सल घ्यायला समोरच्या माणसाला पहाटे अंधारात सायनला नाहीतर बोरिवलीला जाऊन उभं राहावं लागतं, बस लेट झाली तर तासभर ताटकळायचं, ड्रायव्हरच्या हातात वेगळे पैसे ठेवायचे. एवढं कशासाठी? एका म्हाताऱ्या काकांना विचारलं पोत्यात काय आहे, तर म्हणाले, "कितें आसतलें बाय, सोलां, मिरसांगो आनी तेफळां. सून म्हणटा थंयच्या तेफळांक वासूच ना." म्हणजे कोकमाची सोलं, मिरच्या आणि तेफळं, तिकडच्या तेफळांना वासच नाही म्हणे सून. माझं मार्केट रिसर्च खरं सुरू झालं ते इथे. गूगलवर कोणी शोधत नाही कारण शोधायची गरजच नाही, घरी फोन केला की झालं. आणि ज्या वस्तूसाठी माणूस आधीच एवढा त्रास काढतोय आणि वर पैसेही मोजतोय, तिला गिऱ्हाईक आहे की नाही हे आणखी कोणाला विचारायचं?

त्यानंतर मी पार्सल टाकायला गेले की लोकांशी बोलायचेच, शिवाय मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पुरुमेंताच्या (पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या खरेदीच्या) वेळी जाऊन बसायचे. इथल्या घरातली खरेदी कमी झालीय असं विकणाऱ्या बायका सांगतात, पूर्वी वर्षाची मिरची एकदम घ्यायचे आता महिन्यापुरती घेतात, पण सुट्टीवर आलेले लोक मात्र जाताना बॅगा भरून नेतात.

यातून जी यादी झाली तिला कात्री लावली ती वजनाने. उकडे तांदूळ सगळ्यांना हवेत, पण पाच किलो पाठवायचे तर कुरिअरला तांदळाएवढेच पैसे. सुकी मासळी, तिच्या वासाला कुरिअरवाला नाही म्हणतो आणि त्याचं काही चुकत नाही. हरमलची मिरची, काणकोणची खोला मिरची, दोन्हींना जीआय आहे (खोलाला २०२० मध्ये मिळालं, हरमलला त्यानंतर वर्षभराने), पण ते नाव पाकिटावर छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते आणि माल त्याच भागातला असावा लागतो. तो त्या वेळी आम्हाला खात्रीने मिळत नव्हता म्हणून मिरची बाजूला ठेवली. राहिली सोलां, आगळ आणि तेफळं.

तेफळं हलकी, सुकलेली, चांगली ठेवली तर खराब होत नाहीत आणि हुमणात (माशाच्या आमटीत) पाच-सहा टाकली तरी पुरतात, म्हणजे गिऱ्हाइकाला शंभर ग्रॅमचे जास्त पैसे द्यायला जड जात नाही. पण हलकी म्हणजे स्वस्तात जातात असंही नाही हं. बहुतेक कुरिअरवाले लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले ५००० असं वजन काढतात. ३० बाय २० बाय २० सेंटिमीटरचा खोका म्हणजे २.४ किलो झाला, आत किलोभरही तेफळं का नसेनात. म्हणून आम्ही आधी पाकिटाचं माप ठरवलं आणि मग त्यात किती ग्रॅम भरायची ते, उलटं नाही.

दुसरं एक काम केलं ते म्हणजे बाकीचे विकतात त्यांच्या खालचे एक आणि दोन स्टारवाले रिव्ह्यू वाचले, रात्री रात्री बसून. चांगल्या रिव्ह्यूत काही नसतं, नाइस प्रॉडक्ट आणि हात जोडलेले. तक्रारी मात्र सगळ्यांच्या जवळपास सारख्या, आत काळ्या बिया तशाच, काड्या, आणि वास नाही. आता तेफळाचा वास आणि ती जिभेला येणारी झिणझिण सालीत असते, आतली काळी चकचकीत बी काढून टाकायची असते हे आमच्याकडे पोरालाही माहीत आहे. झाड काटेरी, फळं पावसाच्या शेवटाला काढायची, उन्हात टाकली की साल आपोआप फुटते, मग पाखडून आणि उरलेल्या बिया हाताने वेचून साफ करायची. वेळखाऊ काम आहे, म्हणूनच घाऊक माल तसाच पुढे जातो. सासूबाई म्हणाल्या हे मी टीव्ही बघत बघत करीन, आणि अजूनही त्याच करतात. वजन कमी भरतं, दर जास्त लावावा लागतो, पण रिव्ह्यूतली तक्रार एकदम गेली.

दर जास्त लावला तर घेतील का हे ओळखीच्यांना विचारून कळत नाही. सगळे म्हणतात मस्त, कर कर, आम्ही पण घेऊ. म्हणून व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला की अमुक दर, पैसे आधी, माल पंधरा दिवसांनी. मस्त म्हणणाऱ्यांतले बरेच गप्प झाले. पण ज्यांनी यूपीआयने पैसे टाकले त्यांच्यात मला अजिबात न ओळखणारेच जास्त होते, मेसेज फिरत फिरत गेलेला. त्यात मुंबईचे फार थोडे. नंतर कळलं, मुंबईत दादर-गिरगावला कोकणी मालाची दुकानं आहेत, गावाकडून येणारं-जाणारं कोणी ना कोणी असतं, त्यांची सोय होते. ऑर्डरी आल्या गुडगाव, नोएडा, हैदराबाद अशा ठिकाणांहून, आणि त्यातले कितीतरी गोव्याचे नव्हतेच, कारवार, कुमठा, मंगळूरकडची सारस्वत मंडळी. त्यांच्याकडेही बांगड्यात तेफळ हवंच आणि डाळीतही घालतात. आम्ही खतखतं (मिश्र भाज्यांची गोव्याची भाजी) आणि बांगड्याचं हुमण डोक्यात ठेवून बसलो होतो, अर्धं गिऱ्हाईक किनाऱ्यावर आणखी खाली होतं! त्यामुळे पाकिटावर त्यांच्याकडचं नावही घातलं आणि इंग्रजीत रेसिपी टाकल्या त्या त्यांच्या पद्धतीच्या.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते कारण गोव्यातल्या माणसाला हे आधी माहीत असायला हवं. फूड लायसन्सचं बेसिक रजिस्ट्रेशन सोपं, आम्ही घेतलं तेव्हा १२ लाखांच्या उलाढालीपर्यंत तेच चालायचं, फी वर्षाला १०० रुपये. जीएसटीत वस्तू विकणाऱ्याला ४० लाखांपर्यंत सूट असते असं ऐकून लोक निवांत राहतात, पण ती सूट आपल्याच राज्यात विकणाऱ्याला. आपला गोवा केवढा, २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाख माणूस, आणि त्यातल्या कोणालाही तेफळं कुरिअरने नकोत. माल पहिल्याच पार्सलपासून परराज्यात, म्हणजे जीएसटी नंबर पहिल्या दिवसापासून. महिन्याचे रिटर्न मी स्वतः भरते म्हणून बरं, सीएला दिले असते तर सुरुवातीचा सगळा नफा तिकडेच गेला असता.

आगळ नंतर सुरू केलं कारण ते पातळ, त्यात मीठ आणि आंबट, धातूचं झाकण खाऊन टाकतं. प्लास्टिकची बाटली, तोंडाला फॉइलचं सील, वर झाकण, आणि एक बाटली आडवी करून दोन दिवस वर्तमानपत्रावर ठेवायची, लाल डाग पडला की तो लॉट थांबवायचा. हे काम नवऱ्याचं. ट्रक विकला आम्ही, हप्त्यांतून सुटलो.

सध्या अडचण गिऱ्हाइकाची नाही, माल काढणाऱ्याची आहे. काट्यांच्या झाडावर चढायला माणूस मिळत नाही, जे चढतात ते साठीच्या पुढचे, आणि मजुरी दरवर्षी वाढते ती वाढायलाच हवी. वाळपईकडच्या एका बचत गटाशी बोलणं चालू आहे, त्यांच्याकडे झाडं भरपूर आहेत पण वाळवायला शेड नाही आणि तेफळं तयार होतात त्याच वेळी आमच्याकडे पाऊस रेंगाळलेला असतो. शेडचे पत्रे आम्ही द्यायचे आणि ते मालाच्या बिलातून थोडे थोडे वळते करायचे असं आता ठरतंय.