आधी डोकं किती हललं ते बघा

स्मृतिभ्रंशाच्या आजारांत मेंदूच्या भागांमधली जोडणी कशी बदलते, हे रेस्टिंग-स्टेट फंक्शनल एमआरआयने, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनच्या चढउतारावरून मेंदूचं काम टिपणाऱ्या स्कॅनने पाहतात. त्यात माणसाला काहीच करायचं नसतं. आठ मिनिटं न झोपता, न हलता पडून राहायचं. दर दोन सेकंदांना एक, अशा अख्ख्या मेंदूच्या 240 प्रतिमा हाती येतात. दोन भागांचा सिग्नल एकाच तालात वरखाली होत असेल तर ते ‘जोडलेले’ धरतात. ताल संथ असतो, 0.01 ते 0.1 हर्ट्झ, म्हणजे एक लाट दहा ते शंभर सेकंदांची. ही जोडणी म्हणजे वायर नव्हे, नुसता सहसंबंध. मधे थेट मज्जातंतू नसले तरी तो दिसतो.

अल्झायमरमध्ये सैल पडतं ते डिफॉल्ट मोड नेटवर्क, म्हणजे एका तालात चालणाऱ्या या भागांचा गट: मागचं पोस्टेरियर सिंग्युलेट आणि प्रीक्युनियस, पुढचं मिडियल प्रीफ्रंटल, बाजूचं अँग्युलर गायरस. मन भटकतं, जुनं आठवतं तेव्हा हीच मंडळी जागी असतात. या आजारात साचणारं अमायलॉइड हे प्रथिनही याच पट्ट्यात लवकर साचतं. टाऊ हे दुसरं प्रथिन मात्र एंटोरायनल भागातून त्याच्या शेजारच्या, नव्या आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पसकडे सरकतं. म्हणून सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण पाहुण्याला ‘बसा, चहा घ्या’ म्हणायचं चुकत नाही.

वर्तन बदलणाऱ्या फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात (यात मेंदूचा कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा भाग झिजतो) नेमकं उलटं. तिथे अँटेरियर इन्सुला आणि अँटेरियर सिंग्युलेटचं सेलियन्स नेटवर्क, म्हणजे या क्षणी महत्त्वाचं काय ते हेरणारा गट, ढासळतं. सुरुवातीला आठवण बऱ्यापैकी शाबूत, पण माणूस शेजारच्याच्या ताटातली जिलबी उचलतो आणि त्याला काही वाटत नाही. 2010 मध्ये झोउ, सीली या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही आजार शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा तराजूच दिसला: एकात डिफॉल्ट खाली, सेलियन्स वर, दुसऱ्यात बरोबर उलट. जे ‘वर’ गेलं त्याला लगेच ‘मेंदू भरपाई करतोय’ म्हणायची घाई मला पटत नाही. एक पारडं हलकं झालं की दुसरं आपोआप जड दिसतं, एवढंही कारण असू शकतं.

आता खरी गोची. डोकं अर्धा मिलिमीटर जरी हललं तरी जवळच्या भागांची जोडणी फुगते आणि लांबची घटते. डिफॉल्ट मोड पुढूनमागे पसरलेलं, म्हणजे लांबच्याच जोडण्यांचं! त्यात रुग्ण निरोगी माणसांपेक्षा जास्त चुळबुळ करतात. दोन्ही गटांची हालचाल सारखी आहे का हे न पाहता केलेली तुलना म्हणजे हालचालीलाच आजार ठरवणं. एका प्रतिमेपासून पुढचीपर्यंत 0.5 मिमीपेक्षा जास्त सरकलेल्या फ्रेम गाळा (कडक प्रयोगशाळा 0.2 धरतात), आणि पाच मिनिटांचाही डेटा उरला नाही तर तो स्कॅन सोडून द्या. मेंदू आकसलेला असेल तर ठरावीक नकाशावरचा बिंदू कॉर्टेक्सऐवजी (मेंदूच्या बाहेरच्या थराऐवजी) मेंदूभोवतीच्या पाण्यात पडतो. प्रत्येकाचा ग्रे मॅटर (मेंदूतला पेशींचा भाग) तपासूनच सिग्नल काढा. डोनेपेझिल हे अल्झायमरवरचं औषध चालू आहे का, तेही नोंदवा. त्यानेही जोडणी बदलते.

हे सगळं गटांच्या सरासरीचं. एकट्या माणसाच्या रिपोर्टवर ‘कनेक्टिव्हिटी कमी’ लिहून आलं तर निदान त्यावर बेतू नका. घरच्यांनी सांगितलेला इतिहास, स्मृतिचाचण्या आणि साध्या एमआरआयमधला हिप्पोकॅम्पस आधी बघा.