पाणी मारायचं का नाही, ते नकाशात दिसलं पाहिजे

धुळ्यात आमच्याकडे मॉक ड्रिलसाठी नकाशाचं काम आलं होतं. जिल्ह्यातली पेट्रोल, डिझेल, गॅसची सगळी ठिकाणं एका शीटवर पाहिजे होती. मी दिवसभर क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरवरच असते, त्यामुळे ठिपके टाकणं किरकोळ, खरी कटकट होती ती एक्सेलमधल्या 'प्रकार' या कॉलमची. याद्या चार ठिकाणाहून आलेल्या आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. पंपाला कुणी 'रिटेल आउटलेट' लिहिलंय, कुणी नुसतं 'आरओ', कुणी सीओसीओ, सीओडीओ, डीओडीओ असं फोडलंय, म्हणजे पंप कंपनीचा का डीलरचा आणि चालवतं कोण. खेड्यातला पंप 'किसान सेवा केंद्र', एसटी डेपोतला डिझेल पंप 'कन्झ्युमर पंप', मग गॅस गोडाऊन, ऑटो एलपीजी, सीएनजीचं मदर स्टेशन, डॉटर स्टेशन, सिटी गेट स्टेशन, पाइपलाइनचं एसव्ही स्टेशन (म्हणजे प्रवाह अडवायच्या व्हॉल्व्हची जागा), संपतच नाही. साहेब म्हणाले जसं आलंय तसंच टाका, उद्या कुणी विचारायला नको.

टाकलं. पाव शीट तर लेजंडनेच, म्हणजे कुठलं चिन्ह कशाचं त्या यादीनेच खाल्ली आणि मुंबई-आग्रा हायवेवर शिरपूरकडे जाताना खसखस सांडल्यासारखे ठिपके. त्यात तालुक्याला जाते ती काळी-पांढरी झेरॉक्स, तिच्यात लाल काय आणि हिरवा काय, सगळं करडंच.

मीटिंगला अग्निशमनच्या गाडीवरचे एक भाऊ आलेले, रिटायरमेंटला टेकलेले. सगळे चहा-बिस्किटात असताना ते शीट उलटीसुलटी करून बघत होते. एका ठिपक्यावर बोट ठेवलं न म्हणाले, "ताई, हाई काय शे? आठे आग लागनी ते पानी मारानं का नही?"

लेजंडप्रमाणे तो ठिपका होता 'डीओडीओ'. आता पंप डीलरचा आणि चालवतोही डीलरच हे कळून आगीच्या वेळी त्यांनी काय करायचं?

मग भाऊंनीच सगळ्यांना समजावलं. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, नुसता पाण्याचा फवारा मारला तर पेट्रोल वर तरंगतं आणि आग घेऊन गटारीपर्यंत जातं, तिथे फोमच पाहिजे. एलपीजीचं उलटं, टाकी तापू नये म्हणून पाणी मारतच राहायचं पण गळती बंद होत नाही तोवर ज्योत विझवायची नाही, कारण न जळालेला गॅस हवेपेक्षा जड, तो नाल्यात, तळघरात साचतो आणि ठिणगी मिळाली की भडकतो. सीएनजी हवेपेक्षा हलका, वर निघून जातो, पण छताखाली अडकला तर तोही धोकाच. हे सगळं आम्हाला कुठल्या ना कुठल्या ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं असतं हो, पण लेजंड करताना कुणाच्या डोक्यात नव्हतं.

त्याच दुपारी नवीन कॉलम काढला. जुना 'प्रकार' तसाच ठेवला, साहेबांना पण बरं वाटलं. नवीनमध्ये फक्त आत काय आहे ते. पेट्रोल-डिझेल सगळं एका चिन्हात, मग पंप कुणाचाही असो, एसटीचा का खेड्यातला. एलपीजीला वेगळं चिन्ह, सीएनजी आणि पाइपचा गॅस मिळून तिसरं. रंगावर भरवसा नको म्हणून चौकोन, त्रिकोण, गोल. माल जास्त तिथे चिन्ह मोठं, त्यामुळे 14.2 किलोच्या सिलिंडरांचं गोडाऊन आणि बॉटलिंग प्लांट एकाच आकारात पण लहान-मोठे दिसतात.

वाद झाला एसव्हीवरून. मुंबईहून मनमाडमार्गे इंदूरकडच्या मांगल्याला जाणारी पेट्रोल-डिझेलची पाइपलाइन आपल्या धुळे जिल्ह्यातून जाते. तिच्या पट्ट्यात 1962 च्या कायद्याने विहीर नाही, झाड नाही, घर नाही, म्हणून शेतकऱ्यांना ती लाइन पाठ. पण मध्ये मध्ये शेतात तारेच्या कुंपणात व्हॉल्व्ह असतो तिकडे कुणाचं लक्ष नसतं. साहेबांचं म्हणणं, एवढं कमी करतोय तर तो पण लाइनमध्येच धरा. मी अडून बसले. बाकी सगळी चिन्हं धोका कुठे ते सांगतात, फक्त हे एकच सांगतं की प्रवाह कुठे अडवता येतो. म्हणजे कंपनीच्या माणसाला कुठल्या रस्त्याने पोचवायचं, बंदोबस्त कुठे ठेवायचा, ते यावरूनच ठरणार. भाऊ बोलले, "ऱ्हाऊ द्या साहेब," तेव्हा कुठे राहिलं. अर्थात ती शीट फक्त कंट्रोल रूमपुरती, व्हॉट्सॲपवर फिरवायची नाही असं वर ठळक छापलं, आणि तालुक्याच्या झेरॉक्सवर व्हॉल्व्ह दाखवलेच नाहीत.

हायवेवरची गर्दी राहिलीच होती. जिल्ह्याच्या शीटवर लागून लागून असलेले पंप एकाच चौकोनात धरले आणि आत आकडा टाकला, तालुक्याच्या शीटवर ते सुटे होतात. चौफुलीवर समोरासमोर दोन पंप असले तर चिन्ह थोडं बाजूला सरकवून बारीक रेघेने जागेला जोडलं.

आता भाऊंना त्याच शीटवर मे महिन्यात गाडी कुठे भरता येईल तेही पाहिजे, फोमला सुद्धा पाणी लागतंच ना. विहिरींची यादी मागितलीय, अजून आली नाही.