रोज दोनच पेग घेतले तर बिघडतं कुठं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. रिपोर्ट बघून झाले की दाराशी पोचता पोचता हा प्रश्न येतोच: "डॉक्टर, दोनच घेतो. हृदयाला चांगली म्हणतात ना?" नुसतं "नाही" म्हटलं की तुमचा चेहरा पडतो, म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

आधी दोन म्हणजे किती ते बघू. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर 42.8 टक्के छापलेलं असतं. म्हणजे 30 मिलीच्या स्मॉलमध्ये 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल आणि 60 मिलीच्या लार्जमध्ये 20. तुमचे दोन बहुधा लार्ज असतात: रोज 40 ग्रॅम, आठवड्याला 280. तेही घरी अंदाजानं ओतलेले. 180 मिलीची क्वार्टर दोन दिवसांत संपत असेल, तर रोजचे तीन स्मॉल झाले, मोजा किंवा मोजू नका. "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्यांसाठी: 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची 650 मिलीची एक बाटली म्हणजे 41 ग्रॅम, दोन लार्जच्या बरोबरीची.

हा हिशेब का मांडला? 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 2018 साली सुमारे सहा लाख पिणाऱ्यांची माहिती एकत्र करून छापली गेली. आठवड्याला 100 ग्रॅमच्या वर मृत्यूचा धोका चढू लागतो, असं त्यात दिसलं. 200 ते 350 ग्रॅमच्या गटात चाळिशीच्या माणसाचं उरलेलं आयुष्य सरासरी एक ते दोन वर्षांनी कमी भरलं. तुमचे दोन लार्ज याच गटात बसतात.

आता हृदयाचं. थोडी पिणाऱ्यांना हार्ट अटॅक कमी येतात, असं अनेक पाहण्यांत दिसलं आहे, ते मी नाकारत नाही. पूर्वीचा मी तर याच आकड्यांवरून तुमच्या बाजूनं भांडला असता. त्याला माझा प्रश्न एवढाच: 'न पिणारे' या रकान्यात कोण कोण बसवलं होतं? पुष्कळ पाहण्यांत आजारपणामुळे सोडलेले लोकही त्यातच होते. त्यांच्या शेजारी थोडी पिणारा धडधाकट दिसणारच.

याचा निकाल लावायचा तर चिठ्ठ्या टाकून माणसं दोन गटांत वाटायला हवीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं तसा प्रयोग हाती घेतला होता. 7,800 माणसं, अर्ध्यांनी रोज एक ड्रिंक घ्यायचं, अर्ध्यांनी अजिबात नाही. खर्च सुमारे 10 कोटी डॉलर, आणि त्यातला मोठा वाटा पाच बड्या मद्यकंपन्यांचा. मार्च 2018 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'नं हे बाहेर काढलं. चौकशीत निघालं की संस्थेच्याच लोकांनी नियम डावलून कंपन्यांकडे पैशासाठी शब्द टाकला होता. त्याहून वाईट म्हणजे प्रयोगाची आखणी. हृदयाचा फायदा दिसला असता, पण कर्करोग आणि हार्ट फेल्युअरचा तोटा दिसण्याइतकी माणसंही नव्हती आणि वर्षंही. एक पारडं आधीच झाकलेलं. 105 जण भरती झाले होते, तेव्हा जूनमध्ये प्रयोग बंद केला. बंद केला ते योग्यच. पण ज्या प्रश्नाचं नेमकं उत्तर मिळू शकलं असतं, तो असा नासवला गेला याचा संताप मला आजही येतो.

पुढच्याच वर्षी चीनमधल्या पाच लाखांवर लोकांच्या अभ्यासाचे निकाल आले. तिथं अनेकांना जन्मतःच दारू सोसत नाही, म्हणून ते कमी पितात. या जनुकांच्या आधारे तुलना केल्यावर पक्षाघातापासून थोड्या दारूनं मिळणारं संरक्षण उरलंच नाही. दारू वाढेल तसा रक्तदाब आणि पक्षाघाताचा धोका वाढत गेला.

कर्करोगाबद्दल मात्र वाद घालायला फारशी जागा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 1988 मध्येच दारूला पहिल्या गटात, म्हणजे नक्की कर्करोग करणाऱ्या गोष्टींत घातलं. शरीरात दारूचं ॲसिटाल्डिहाइड होतं आणि ते डीएनएला इजा करतं. व्हिस्की महाग की स्वस्त, याच्याशी त्याचा संबंध नाही. बायकांमध्ये रोजच्या दर 10 ग्रॅममागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे सात टक्क्यांनी वाढतो. सोबत तंबाखू असेल, तर तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका नुसता बेरजेनं वाढत नाही, त्याच्या पुष्कळ पुढं जातो.

"मग सगळं ठरलंय तर!" असंही नाही. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या अहवालानं माफक पिणाऱ्यांत एकूण मृत्यू कमी दिसतात असं म्हटलं, आणि त्याच अहवालात स्तनाचा कर्करोग जास्त असल्याचंही. पाहण्यांचीच माहिती, आणि तिचा जुनाच दोष. पण तो अहवाल मी लपवणार नाही.

तुम्ही काय करायचं? औषधाच्या मापानं पंधरा दिवस मोजून ओता आणि लिहून ठेवा. बीपीची गोळी चालू असेल, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) किंवा यकृतावरची चरबी वाढली असेल, तर महिनाभर बंद ठेवून पुन्हा तपासा. आकडे तुमचे तुम्हालाच दिसतील. मात्र सकाळी हात थरथरत असतील, घाम फुटत असेल आणि घोट घेतल्यावरच बरं वाटत असेल, तर मनानं एकदम बंद करू नका. फिट येऊ शकते. आधी डॉक्टरांना खरा आकडा सांगा, आणि लार्ज असेल तर लार्ज म्हणूनच सांगा.