घर आधी, रान मग

दिवाळीनंतरचा आठवडा होता. पावसाळा सरला होता, बांधावरचं गवत अजून हिरवं होतं. वनराज जातीची कोंबडीची चाळीस पिल्लं दहा आठवड्यांची झाली होती. एका दिवसाची आणून बल्बच्या उबेत वाढवलेली, म्हणजे आईविना. मानमोडी आणि गंबोरो हे कोंबड्यांचे रोग; मानमोडीच्या दोन्ही लशी आणि गंबोरोची लस वेळेवर झालेली. आता त्यांना मोठ्या कोंबड्यांबरोबर रानात सोडायचं होतं. माझ्याकडे जुन्या बावीस कोंबड्या आणि दोन कोंबडे.

तयारी मी मनापासून केली होती. दहा दिवस अंगणात मधे जाळी लावून दोन्हीकडच्यांना एकमेकांची तोंडं दाखवली. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य पिल्लांना चालत नाही, त्यातला जादा चुना कोवळ्या मूत्रपिंडांना सोसत नाही. म्हणून सगळ्यांनाच वाढीचं खाद्य सुरू केलं आणि मोठ्यांसाठी शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवला. रात्री मात्र पिल्लं परत त्यांच्या जुन्या खोलीत नेत होते. तिथं ऊब होती, दार पक्कं होतं. आत्याबाई एकदा म्हणाल्याही, "अगं, आधी घर दाव त्यांना, मग रान दाव." मला वाटलं, घर काय, समोरच तर आहे.

सकाळी आठला जाळी काढली. पहिला अर्धा तास वाईट गेला. मोठ्या कोंबड्यांनी खाद्याच्या भांड्यांपाशी एकेकीला टोचून हाकललं. एका तलंगेच्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबडीच्या, तुऱ्यातून रक्त आलं. रक्त दिसलं की बाकीच्याही तिथंच चोच मारतात, म्हणून तिला लगेच उचललं, हळद लावली आणि डालग्याखाली ठेवली. भांडी दोनाची पाच करून लांब लांब मांडली. कुंपणाशी फळ्यांचा एक आडोसा आधीच केला होता, त्याची फट लहान ठेवलेली. पिल्लू आत शिरतं, मोठी कोंबडी शिरत नाही. त्या फटीनं त्या दिवशी बऱ्याच जणींना वाचवलं.

दहाच्या सुमारास घार फिरू लागली. थोरला कोंबडा मान तिरकी करून वर बघत लांब, बारीक आवाज काढू लागला. कुत्रं आलं की तो तुटक तुटक कोकलतो, हा आवाज निराळा. मोठ्या कोंबड्या क्षणात करवंदीच्या जाळीत गडप. पिल्लं मात्र होती तिथंच, उघड्यावर, अंग चोरून बसली. रानात लपायचं कुठं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मी ओरडत धावले आणि घार निघून गेली.

दुपार छान गेली. उकिरड्यावर मोठ्या कोंबड्या उकरत होत्या आणि चार हात मागं राहून पिल्लं तसंच उकरून बघत होती. त्यांना वाळवी सापडली तेव्हा मला खरंच भरून आलं.

पावणेसहाला मोठ्या कोंबड्या एकामागून एक खुराड्यात शिरल्या. पिल्लांतलं एकही आलं नाही. मी "तीऽ तीऽ" करत डबा वाजवला, तरी काही नाही. शेवटी घरामागं गेले तर जुन्या खोलीच्या बंद दारासमोर पिल्लांचा ढीग! एकावर एक चढलेली, खालची दबून धापा टाकत होती. त्यांच्या लेखी घर तेच होतं, आणि त्याला मी कुलूप लावलं होतं.

ढीग आधी फोडला, नाहीतर खालची गुदमरून गेली असती. मग आत्याबाईंनी बॅटरी धरली आणि मी दोन-दोन उचलून खुराड्यात दांडीवर बसवली. अंधारात कोंबड्यांना नीट दिसत नाही, त्यामुळं भांडण झालं नाही. मोजली तर डालग्यातली धरून पस्तीस. उरलेली पाच बांधाबांधानं शोधली. शेवटी आत्याबाईच म्हणाल्या, "आता हाका नको मारूस. भेदरली तर आणिक लांब जातील."

पहाटे चार पिल्लं पेंढ्याच्या उडवीतून बाहेर आली. पाचव्याची पिसं ओढ्याकाठी सापडली. ती राखाडी तलंग माझ्या हातावर बसून खायची. रात्री बंदोबस्तात ठेवायचं काम माझं होतं, ते मी नीट केलं नाही.

त्यानंतर पाच दिवस पिल्लांना जाळी लावून खुराड्यातच ठेवलं. सहाव्या दिवशी सूर्य मावळायला तासभर असताना दार उघडलं, म्हणजे भूक आणि अंधार दोन्ही त्यांना परत आणतील. पहिल्या संध्याकाळी नऊ जणी बाहेर राहिल्या, त्यांना उचलून आत नेलं. दुसऱ्या दिवशी चार. चौथ्या दिवशी मी डबा घेऊन उभी होते, तो वाजवावा लागला नाही. एकोणचाळीस मोजली आणि कडी लावली.